पॉप्लरच्या सुईणी

रविवार, रात्र

नव्वदी ओलांडलेल्या निवृत्त सुईणबाईंकडे आज दुपारभर बसले. मी लंडनमध्ये ज्या कामासाठी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात उभी असते, तेच काम त्या १९५० च्या दशकात पूर्व लंडनमधल्या पॉप्लरमध्ये सायकलवरून घरोघर जाऊन करीत असत.

सप्टेंबर १९४० पासूनच्या बॉम्बवर्षावात गोद्यांभोवतीच्या गल्ल्याच्या गल्ल्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. १९५१ मध्ये पॉप्लरमध्ये नव्याने बांधलेल्या लॅन्सबरी वसाहतीचे पहिले रहिवासी नव्या घरांत आले. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे गोदीकामगारांची कुटुंबे अशा जुन्या घरांत दाटीने राहत होती, जिथे शौचालय मागच्या अंगणात असे. बाळंतपण त्या घरातल्याच एखाद्या खोलीत. गादीवर तपकिरी कागद आणि त्यावर वर्तमानपत्रे अंथरायची, पाणी उकळायचे, आणि कर्णा पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचे. कळा सोसवत नसतील तर पेटीतल्या यंत्रातून नायट्रस ऑक्साइड आणि हवा यांचे मिश्रण हुंगायला द्यायचे, तेवढाच आधार.

मला सर्वांत लक्षात राहिली ती मुडदुसाची गोष्ट. बालपणी अपुरे अन्न आणि ऊन अडवणारे धुरकटलेले आकाश यांमुळे ज्यांची हाडे वाकली होती, अशा स्त्रियांचा कटिभाग अरुंद राही आणि बाळाला वाट मिळत नसे. म्हणून गर्भारपणातच मापे घेऊन धोका ओळखणे आणि वेळेवर रुग्णालयात पाठवणे, हे बाई आपले खरे कौशल्य मानतात. प्रत्यक्ष बाळंतपणाचे त्यांना फारसे कौतुक नाही. गरिबी एका पिढीच्या हाडांत मुरते आणि पुढच्या पिढीच्या जन्माची वाट अडवते, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. ज्यांनी ते स्वतःच्या बोटांनी मोजले, त्यांच्याकडून आज ऐकले.

बाळंतिणीकडे त्या किमान दहा दिवस जात असत. आमच्याकडची बाई पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी घरी जाते. (माझ्या आजीला यांपैकी पहिली पद्धत निःसंशय पटली असती.)

त्या काळाविषयी हळवे होऊन बोलणारे लोक मला भेटतात, पण बाई तसे बोलत नाहीत. १९३० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे चार माता दगावत. १९५० पर्यंत ते प्रमाण एकाहून कमी झाले. संसर्गावरची सल्फा औषधे, पेनिसिलिन आणि रक्तपुरवठा यांनी तो फरक घडवला, शेजारधर्माने नव्हे, असे त्या स्पष्ट सांगतात. शिवाय ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर डॉक्टरांना बोलावताना बिलाची धास्ती उरली नाही.

मूल नको असलेल्या बाईला मात्र फारसे काही देता येत नसे. ब्रिटनमध्ये गर्भनिरोधक गोळी १९६१ मध्ये आली, तीही आरंभी विवाहितांसाठीच. तोवर थकलेल्या त्याच बाईच्या दारात वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा सायकल टेकवावी लागे, आणि याचा बाईंना अजूनही राग येतो. पुढच्या रविवारी त्यांना अतिरक्तस्रावाच्या वेळी घरी धावून येणाऱ्या रुग्णालयाच्या पथकाविषयी विचारायचे आहे.