जँगोच्या कमांडलाईनवरून घरचा डीएनएस: थ्रेड लावले, मग डेटाबेस रुसला

मंडळी, घरचा डीएनएस सर्व्हर (मशीनच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारा) आता थ्रेडेड (एकाच वेळी अनेक प्रश्न हाताळणारा) झालाय आणि कोपरखैरण्याच्या आमच्या घरातले मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप सगळे त्याच्यावरच चालतायत, म्हणून हा पुढचा लॉग. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: साधा जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्ट आहे, एका अॅपमध्ये मॅनेजमेंट नावाचं फोल्डर, त्यात कमांड्स, त्यात एक फाईल, तिच्यात बेसकमांडवरून काढलेला क्लास, आणि मॅनेज डॉट पीवाय रनडीएनएस म्हटलं की सर्व्हर उभा. पॅकेट उलगडायला डीएनएसलिब ही लायब्ररी, ऐकायला पायथनचं स्वतःचं सॉकेटसर्व्हर. "एवढ्यासाठी जँगो कशाला, डीएनएसमास्क हा तयार सर्व्हर आहे की" म्हणणारे येणारच, त्यांना उत्तर एकच, अॅडमिन (डेटाबेसमधल्या नोंदी बदलायचं वेबपान) फुकट मिळतं राव. घरात नवीन मशीन आलं की दादा मोबाईलवरून अॅडमिन उघडून नाव आणि आयपी टाकून मोकळा होतो, कॉन्फिग फाईलला त्याने जन्मात हात लावला नसता.

मशीनची नावं ट्रान्स-हार्बर लाईनवरची आहेत. स्टोरेजचा डबा तुर्भे (गोदामं तिथेच ना), रास्पबेरी पाय रबाळे, आणि सगळ्यात शेवटी आलेला प्रिंटर दिघा, कारण ते स्टेशनही २०२४ मध्ये सगळ्यात शेवटी उघडलं. नावापुढे होम डॉट अर्पा लावलंय, ते आरएफसी ८३७५ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ने २०१८ मध्ये घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलेलं आहे. डॉट लोकल लावू नका, ते एमडीएनएसचं (सर्व्हरशिवाय घरच्या नेटवर्कवर नावं शोधायची पद्धत).

आता थ्रेड का लागले ते. आपल्या टेबलात नसलेलं नाव आलं की मी ते पुढे पब्लिक रिझॉल्व्हरकडे (इंटरनेटवरचा नावं शोधून देणारा सर्व्हर) पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो, टाईमआऊट दोन सेकंद. साधा यूडीपीसर्व्हर (सॉकेटसर्व्हरमधला, एका वेळी एकच प्रश्न हाताळणारा) असेल तर तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळत, म्हणजे स्टेशनवर एकच तिकीट खिडकी उघडी आणि पुढचा माणूस सुट्ट्या पैशांवरून भांडतोय. यूडीपीसर्व्हरच्या जागी थ्रेडिंगयूडीपीसर्व्हर लिहिलं की प्रत्येक प्रश्नाला वेगळा थ्रेड मिळतो, बदल एका शब्दाचा. जीआयएलची (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) काळजी इथे करू नका, सगळा वेळ नेटवर्कची वाट बघण्यात जातो आणि तेवढ्यात बाकीचे थ्रेड आपलं काम उरकतात.

आणि इथूनच खरी मजा सुरू झाली. संध्याकाळी सगळे घरी आले, टीव्ही लागला, आणि लॉगमध्ये आमच्या डेटाबेसचं, म्हणजे पोस्टग्रेसचं रडगाणं, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी. कारण बघा, जँगोचं डेटाबेस कनेक्शन थ्रेडलोकल असतं, नवीन थ्रेडने ओआरएमला (जँगोचा डेटाबेसशी बोलणारा भाग) हात लावला की त्याचं स्वतःचं नवीन कनेक्शन उघडतं. वेबवर ही कनेक्शनं कोण बंद करतं? रिक्वेस्ट सुरू होताना आणि संपताना जे सिग्नल सुटतात त्यांना क्लोज ओल्ड कनेक्शन्स नावाचं फंक्शन जोडलेलं असतं, ते. कमांडलाईनवर रिक्वेस्टच नाही, म्हणजे सिग्नल नाही, म्हणजे झाडू मारायला कोणी येतच नाही. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची, आणि एक वेबपेज उघडलं की पाच-पंचवीस नावं सहज विचारली जातात, मग काय होणार.

हीच गोष्ट जँगोच्या डीबग सेटिंगची. डीबग चालू असेल तर जँगो प्रत्येक क्वेरी आठवणीत ठेवतो, कनेक्शनमागे ९००० पर्यंत, आणि ती यादी पुसण्याचं कामही रिक्वेस्ट सुरू होण्याच्या सिग्नललाच बांधलेलं. थोडक्यात जँगोची घरकामं सगळी रिक्वेस्टच्या भरवशावर आहेत आणि आपण रिक्वेस्टशिवाय त्याच्या घरात राहतोय, तेव्हा भांडी आपणच घासायची.

उपाय दोन टप्प्यांत केला. पहिला, प्रश्नामागे थ्रेड हे बंद, त्याऐवजी थ्रेडपूल. सर्व्हरच्या क्लासमध्ये प्रोसेस रिक्वेस्ट ही मेथड ओव्हरराईड करायची आणि आत नवीन थ्रेड बनवण्याऐवजी प्रोसेस रिक्वेस्ट थ्रेड हे काम थ्रेडपूलएक्झिक्युटरला द्यायचं, बस. सोळा वर्कर ठेवलेत, म्हणजे कनेक्शन जास्तीत जास्त सोळा. दुसरा टप्पा, हँडलरच्या सुरुवातीला आणि फायनलीमध्ये क्लोज ओल्ड कनेक्शन्स स्वतः बोलवायचं. सुरुवातीला का, तर पोस्टग्रेस रीस्टार्ट झाला की पूलमधल्या थ्रेडकडे मेलेलं कनेक्शन उरतं आणि ते तपासून फेकलं नाही तर तो थ्रेड कायमचा एरर देत बसतो. कॉन मॅक्स एज (कनेक्शन किती सेकंद उघडं ठेवायचं ती सेटिंग) मात्र शून्यावर ठेवू नका (डिफॉल्ट तेच आहे), नाहीतर प्रत्येक प्रश्नाला कनेक्शन उघड-बंद होत राहतं, मी ६० ठेवलंय.

कॅशबद्दल एक गोष्ट पटकन सांगतो. नावं डिक्शनरीत ठेवून पोस्टसेव्ह सिग्नलवर ताजी करायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर सोडा, अॅडमिन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, तिथला सिग्नल डीएनएसच्या प्रोसेसला ऐकूच येत नाही, आणि जँगोची लोकमेम कॅशही प्रोसेसपुरतीच. मी सरळ डेटाबेसला विचारतो, टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ते) ६० सेकंद, घराला पुरतं.

बंद करणं हा वेगळाच वैताग. शटडाऊन ही मेथड सर्व्हफॉरएव्हर संपायची वाट बघते, त्यामुळे ज्या थ्रेडमध्ये सर्व्हफॉरएव्हर चालू आहे तिथूनच ती बोलावली तर दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर बसतात, आणि सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा) सिगटर्मचा (बंद हो सांगणारा सिग्नल) हँडलर नेमका मेन थ्रेडमध्येच चालतो. म्हणून यूडीपी आणि टीसीपी दोन्ही सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये टाकले, मेन थ्रेड एका इव्हेंटवर थांबलेला, हँडलर फक्त तो इव्हेंट सेट करतो. रनसर्व्हरसारखा ऑटोरीलोडर लावायचा मोह आवरा, तो तुमचा कोड मेन सोडून दुसऱ्या थ्रेडमध्ये चालवतो आणि तिथे सिग्नल हँडलर लावला की पायथन व्हॅल्यूएरर फेकतो.

टीसीपी ऐच्छिक समजू नका. जुनी यूडीपी मर्यादा ५१२ बाइटची, उत्तर मोठं झालं की टीसी बिट (उत्तर कापलंय अशी खूण) लावून परत पाठवायचं आणि क्लायंट टीसीपीवर येतो, तिथे प्रत्येक मेसेजच्या आधी दोन बाइटची लांबी असते. रिसीव्हमध्ये सगळं एकदम येईलच असं नाही, लांबीइतके बाइट जमेपर्यंत लूप चालवा.

आता सगळ्यात आवडता भाग, नाही म्हणणं. सोपा कोड म्हणजे टेबलात ओळ मिळाली नाही की एनएक्सडोमेन. आता दिघाकडे फक्त आयपीव्ही४ पत्ता आहे, मोबाईल ए (आयपीव्ही४ पत्ता) आणि एएएए (आयपीव्ही६ पत्ता) दोन्ही विचारतो, ए ला पत्ता मिळाला आणि एएएए ला एनएक्सडोमेन. एनएक्सडोमेनचा अर्थ या नावाचं काहीच अस्तित्वात नाही, कुठल्याच प्रकाराचं. काही रिझॉल्व्हर ते शब्दशः घेतात आणि मिळालेला पत्ताही सोडून देतात, मग प्रिंटर कधी दिसतो कधी नाही, आणि आई म्हणते तुझ्या त्या डब्यामुळेच. बरोबर उत्तर म्हणजे नोएरर, उत्तरांचा भाग रिकामा, आणि ऑथॉरिटी या भागात एसओए (झोनची मूळ माहिती देणारी नोंद). एसओए का, तर ते 'नाही' किती वेळ लक्षात ठेवायचं ते त्यावरून ठरतं, आरएफसी २३०८. आयफोन टाईप ६५ (एचटीटीपीएस रेकॉर्ड) पण विचारतात, त्यांनाही हेच.

पोर्टबद्दल: ५३ साठी रूट लागतो, पण सिस्टमडीच्या युनिटमध्ये अँबियंट कॅपॅबिलिटीज म्हणून कॅप नेट बाइंड सर्व्हिस (असे पोर्ट वापरायची परवानगी) दिलं की साध्या युजरने चालतं. उबुंटूवर ५३ आधीच व्यापलेला दिसेल, तो १२७.०.०.५३ वरचा सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड, त्याच्याशी भांडू नका, आपण फक्त लॅनचा आयपी बाइंड करा. चाचणीला ५३५३ घेऊ नका, तिथे अवाही (एमडीएनएस चालवणारा प्रोग्राम) बसलेला असतो. आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्ड अजिबात करायचं नाही, उघडा रिझॉल्व्हर म्हणजे दुसऱ्यांवर हल्ला करायला आयतं हत्यार.

लाईट जाऊन आली की रास्पबेरी पाय पोस्टग्रेसच्या आधी डीएनएस उभा करतो, त्यावर सिस्टमडीच्या युनिटमध्ये आफ्टर (पोस्टग्रेसनंतरच सुरू हो) लावलंय, आणि सेटिंग्जमध्ये डेटाबेसचा होस्ट नावाने न देता १२७.०.०.१ दिलाय, नाहीतर स्वतःचाच पत्ता स्वतःला विचारत बसेल.

राहिलंय ते टीसीपी हँडलरचा टाईमआऊट. कनेक्शन उघडून गप्प बसलेला क्लायंट सध्या पूलमधला एक थ्रेड अडवून ठेवतो, असे सोळा आले की यूडीपीवाल्यांनाही उत्तर नाही, कारण पूल दोघांचा एकच आहे. बहुतेक टीसीपीला चार थ्रेडचा वेगळा पूल देईन आणि सेटटाईमआऊट पाच सेकंद, कोणी याहून बरं काही केलं असेल तर सांगा.