आत्याचं दुखणं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही, असं बाईंनी कळवलं आणि 'संशोधनाची प्रेरणा' हा विषयही देऊन टाकला. पण आत्या गेली नि मी तिथल्या तिथे शास्त्रज्ञ व्हायचं ठरवलं, असं काही झालं नाही. मी नववीत होते. पुढच्याच आठवड्यात सहामाही होती, ती दिली.

आत्या आमच्याकडेच राहायची. पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं. कुणाला बोलली नाही. घर उठायच्या आत हौदावर कपडे धुवायची आणि जुन्या लुगड्याआड वाळत घालायची. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी न तपासताच शक्तीच्या गोळ्या दिल्या. बार्शीला नेलं तोवर गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पसरला होता. किरणांचे शेक दिले, उपयोग झाला नाही.

पेशी मी पहिल्यांदा आपल्या शाळेत पाहिली. कांद्याचा पापुद्रा, अख्ख्या वर्गाला एकच सूक्ष्मदर्शक, आणि मागून बाईंचं "चल, पुढची!" एमएस्सीला 'हीला' नावाच्या पेशी हाती आल्या. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकन बाई १९५१ साली याच कॅन्सरने गेली. तिला न विचारता घेतलेल्या याच पेशी अजून जगभर वाढवतात. गुलाबी द्रावणात, ३७ अंशांवर, दिवसभरात साधारण दुप्पट. या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू, आणि त्याची लागण होऊन कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं लागतात, हे तेव्हा नीट समजलं. म्हणजे आत्याच्या हातात केवढा वेळ होता! प्रेरणा म्हणायची तर ही, आणि तिच्यात दुःखापेक्षा संतापच जास्त.

त्यात भर पडली २००९ साली, एका अभ्यासाचे निष्कर्ष वाचून. टाटा आणि बार्शीच्या रुग्णालयांनी आपल्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास केला होता. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मेच होते. काम सुरू झालं १९९९ साली. आत्या आदल्या वर्षी गेली.

बाईला स्वतःच नमुना घेता येईल अशा तपासणीवर मी सध्या काम करते. डॉक्टरांच्या टेबलावर तपासणीसाठी झोपायला आत्या कधीच तयार झाली नसती.

मुख्याध्यापकांना एक विनंती. या विषाणूवरची लस ९ ते १४ वयात द्यायची असते, म्हणजे आपल्या पाचवी ते आठवीच्या मुली. पुढच्या पालकसभेत मला अर्धा तास द्या, आणि वडिलांनाही बोलवा.