सोसायटीखाली फास्ट फूड येतंय? आधी फ्रंट मार्जिन मोजा

पुण्यात नऊ मीटर रस्त्यावरच्या सोसायटीखालच्या गाळ्यात बर्गर-पिझ्झाचं दुकान येणार अशी कुणकुण लागली की काय होतं, ते ठरलेलं आहे. दोन दिवसांत दोनशे सह्यांचं 'हॉटेल नको' असं निवेदन तयार होतं. त्याचा उपयोग फार कमी. गाळा मंजूर नकाशात व्यापारी असेल आणि त्या रुंदीच्या रस्त्यावर उपाहारगृहाला परवानगी असेल, तर रहिवाशांना आवडत नाही एवढ्या कारणावर ते थांबत नाही. नकाशात दाखवलेलं पार्किंग जागेवर नाही, हा मुद्दा मात्र बाजूला सारणं कोणालाही अवघड जातं. म्हणून सुरुवात नकाशापासून करा.

इमारत महारेरा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) लागू झाल्यानंतरची, म्हणजे मे २०१७ नंतर नोंदलेली असेल तर मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर शोधा. जुनी असेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा. मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, इमारतीच्या पार्किंगचा तक्ता आणि त्या गाळ्याला वापर बदलाची परवानगी दिली असल्यास तिची प्रत, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, त्यामुळे गाळ्याला पत्रे लागून आतलं फर्निचरचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात अर्ज जायला हवा. दवाखाना किंवा ऑफिस म्हणून मंजूर असलेल्या गाळ्यात स्वयंपाकघर येत असेल, तर वापर बदलाची परवानगी हाच सगळ्यात जोरदार मुद्दा.

नकाशा हाती आला की टेप घेऊन खाली उतरा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चारचाकीची जागा २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीची १ बाय २ मीटर धरली आहे. समजा गाळ्याचा दर्शनी भाग १२ मीटर आणि फ्रंट मार्जिन, म्हणजे गाळ्यासमोर प्लॉटच्या हद्दीपर्यंत मोकळी सोडलेली जागा, ४.५ मीटर आहे. तिथे गाडी सरळ आत घातली तर तिचा अर्धा मीटर फुटपाथवर येतो. आडव्या लावल्या तर जेमतेम दोन बसतात. दुचाकी कागदावर बारा. आता त्या मार्जिनमध्ये १.२ मीटर पायऱ्या आणि एसीची युनिटं आली की ३.३ मीटर उरतात. त्यातले २ मीटर दुचाकीचे, आणि मागे घ्यायला १.३. एवढ्यात गाडी वळत नाही, ती उलटी थेट रस्त्यावर येते. शेड टाकून टेबलं मांडली तर तेही संपलं. मार्जिनवरची शेड दुकान उघडण्याआधीच रोखायला हवी. एकदा धंदा सुरू झाला की ती काढायला वर्षं जातात.

पाहुण्यांसाठीच्या जागा यांत्रिक स्टॅक पार्किंगमध्ये दाखवल्या असतील तर तसं लेखी नोंदवा. खालची गाडी काढल्याशिवाय वरची उतरत नाही, आणि वीस मिनिटांसाठी आलेलं गिऱ्हाईक त्या वाटेला जात नाही. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली, जागा 'गाळ्यासोबत विकत घेतली' असा दावा पुढे आला, तर सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१० चा निकाल दाखवा. मोकळी आणि स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही.

गर्दीचा अंदाज खुर्च्यांवरून करतात, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. उदाहरणादाखल ४० खुर्च्या भरल्या आहेत असं धरू. २० जण दुचाकीवर जोडीने आले तर १० दुचाकी, १२ जण चारचाकीने तिघे-तिघे आले तर ४ गाड्या, बाकीचे चालत. ही गर्दी डोळ्यांना दिसते. डिलिव्हरी खुर्च्यांत मोजली जात नाही. तासाला ३० ऑर्डर निघत असतील आणि प्रत्येक रायडर ६ मिनिटं थांबत असेल, तर एका वेळी ३ दुचाकी उभ्या. किचन मागे पडून थांबणं २० मिनिटांवर गेलं की त्याच ३० ऑर्डरींसाठी १०. म्हणजे रस्त्यावरची कोंडी पुष्कळदा किचनच्या वेगावर ठरते. यात रायडरचा दोष नाही, त्याला उभं राहायला जागाच दिलेली नसते. शिवाय पाळीवरच्या कामगारांच्या पाच-सहा दुचाकी दिवसभर हलत नाहीत. एकूण पंचवीसच्या आसपास दुचाकी, आणि जागा बारांची.

उरलेल्या दुचाकी रस्त्यावर येतात. नऊ मीटरमधून दोन्हीकडचे दीड-दीड मीटर फुटपाथ वजा केले की सहा मीटर डांबर राहतं. एका कडेला दुचाकींची रांग २ मीटर, समोर लावलेली गाडी आणखी २. उरले दोन. अग्निशामक बंबाची रुंदीच अडीच मीटरच्या आसपास असते. तक्रारीत हे वाक्य सगळ्यात वर लिहा.

याला मोजणीची जोड द्या. शुक्रवार किंवा शनिवारी रात्री ७:३० ते १०:३० आणि आठवड्यातल्या एका साध्या दिवशी त्याच वेळेत, दर १५ मिनिटांची वेगळी नोंद. कागदावर तीन रकाने पुरतात: जाणारी वाहनं, उभी वाहनं, दुहेरी उभी (आधी लावलेल्या वाहनाच्या शेजारी रस्त्यात लावलेली) वाहनं. नुसती वाहनं मोजून भागत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत कार १ धरली तर दुचाकी ०.५ आणि रिक्षा १.२ मोजतात, त्या प्रकारच्या वाहनांचा वाटा दहा टक्क्यांवर गेला की दुचाकी ०.७५ आणि रिक्षा २. पुण्यात दुचाकींना ०.७५ च लावावं लागतं. दुकान उघडण्यापूर्वीची मोजणी नसेल तर नंतरच्या आकड्याला तुलनाच उरत नाही.

नुसत्या पार्किंग बंदीची मागणी टाळा, कारण सगळी वाहनं शेजारच्या गल्लीत जातात आणि तिथले लोक तुमच्या विरोधात उभे राहतात. वळणापाशी आणि सोसायटीच्या फाटकासमोर नो पार्किंग, उरलेल्या लांबीत पी१-पी२, म्हणजे सम-विषम तारखांना एकेक बाजू, अशी मागणी वाहतूक शाखेकडे करा. दुकान मालकाकडून लेखी घ्यायच्या अटी वेगळ्या: रायडरसाठी प्लॉटच्या आत आखलेली किमान दहा दुचाकींची जागा, पार्सलची खिडकी रस्त्याकडे न ठेवता त्या जागेकडे, कामगारांच्या गाड्या दुसरीकडे, मालाचा टेम्पो आणि गॅस सिलिंडर सकाळी सातच्या आत, आणि रात्री आठ ते साडेदहा बाहेर गाड्या लावून देणारा एक माणूस. जागामालकाबरोबरच्या भाडेकरारात या अटी आल्या तरच त्या टिकतात. करार सहीला जाण्यापूर्वी गाळ्याच्या मालकाशी बोला. तो बहुधा तुमच्याच सोसायटीचा सभासद असतो.