रिसेप्शनसाठी दारू किती घ्यावी: नऊ दिवस अडलेला एक आकडा

माझ्या भाचीच्या लग्नाला आता चार महिने होऊन गेले, तरी लॉनच्या व्यवस्थापकाने माझ्यापुढे सरकवलेला तो छापील कागद आठवला की माझे डोके अजून तापते. त्या कागदावर आपण भरायचा रकाना एकच होता, पाहुण्यांची संख्या. तिथे ३८० लिहिले की पुढचे सगळे आकडे त्यांच्या गुणाकाराने आपोआप ठरत होते: शंभरातले सत्तर जण पिणार, प्रत्येक जण चार पेग घेणार, आणि येणारी बेरीज वरच्या पूर्ण पेटीपर्यंत नेली जाणार. त्याप्रमाणे आमच्या नावावर व्हिस्कीच्या ४८ बाटल्या, रमच्या १२, व्होडकाच्या १२, वाइनच्या २४ आणि बिअरच्या ४ पेट्या पडल्या. हा माल त्यांच्याच माणसामार्फत घ्यायचा होता आणि उरलेला परत घेतला जाणार नव्हता.

मी स्वतः दारूला स्पर्श करत नाही. तरीही ताईने आणि भावोजींनी हे काम माझ्याकडे दिले, कारण मी एका वसतिगृहाच्या कोठीचा हिशोब तेवीस वर्षे सांभाळला आहे आणि किती माणसांना किती लागते, हा प्रश्न मला नवा नाही. जिन्नस वेगळा असला तरी रीत तीच असते. आधी जेवणारी माणसे मोजायची, मग त्यांचे खाणे मोजायचे, आणि मोजल्याशिवाय भांडे चुलीवर चढवायचे नाही.

अडचण अशी होती की लॉनकडे स्वतःचा मद्य-परवाना नव्हता. अशा जागी दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना काढावा लागतो आणि आमच्या अर्जाला जागेच्या मालकाचे संमतिपत्र जोडायचे होते. ते संमतिपत्र व्यवस्थापकाच्या टेबलाच्या खणात तयार पडलेले होते. “मॅडम, आधी शीटवर सही करा, मग पत्र घेऊन जा. आमच्याकडे असंच चालतं,” हे एकच वाक्य मी नऊ दिवस ऐकत होते. सही केली तर निम्म्याहून अधिक माल वाया जाणार हे मला दिसत होते, आणि सही न करावी तर परवान्याचा अर्ज पुढे सरकत नव्हता. मी दोनदा प्रत्यक्ष गेले, चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी साहेब बाहेर गेलेले असत किंवा उद्या या असे उत्तर मिळे. लग्नघरात पत्रिका वाटायच्या राहिल्या होत्या, मेंदीवाली ठरायची होती, आणि मी मात्र एका पत्रासाठी नाशिकच्या गंगापूर रोडला रिक्षाने खेटे घालत होते.

शेवटी मी ठरवले की त्यांच्या गुणाकाराला उत्तर द्यायचे तर आपल्याकडे माणसांची यादी हवी. मी दोनशे पानी वही घेतली, आमंत्रितांची सगळी नावे घरांप्रमाणे लिहून काढली आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखले: घेतात, घेत नाहीत, कंपनी असेल तर. मग पाच संध्याकाळी बसून फोन केले. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे हा प्रश्न पुरुषांना सरळ विचारून खरे उत्तर मिळत नाही. थोरल्या भावासमोर धाकटा घेत नाही, सासऱ्यासमोर जावई ग्लास हातात धरत नाही, आणि फोनवर तर सगळेच निर्व्यसनी असतात. मी घरातल्या बायकांना विचारले. “अहो, हे घेतात, पण दोनच. आणि मामंजी असतील तिथे अजिबात नाही,” इतके नेमके उत्तर मला एका वहिनींनी दिले. असे उत्तर कोणत्याही कोष्टकातून निघणार नाही. “तसा घेत नाही हो तो, अगदीच कंपनी असली तर,” असे ज्याच्याबद्दल ऐकू आले, त्याला मी घेणाऱ्यांतच धरले, आणि नंतर तेच बरोबर ठरले.

फोन करतानाच वाराची बाब पुढे आली, जी माझ्या आधी लक्षात यायला हवी होती. रिसेप्शन शनिवारी होते. आमच्याकडची आठ-दहा माणसे शनिवार पाळतात, त्या दिवशी मांसाहार नाही आणि दारूही नाही. त्यातून महिना मार्गशीर्ष. हाच समारंभ गुरुवारी असता तर निम्मी घरे गळाली असती. तारीख ठरली की पंचांगात चतुर्थी, एकादशी आणि वार पाहून घ्यावा आणि मगच अंदाज बांधायला बसावे. शासनाचे कोरडे दिवसही त्याच वेळी पाहावेत: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सर्वांना ठाऊक असतात, पण निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकाने बंद राहतात आणि ती तारीख लग्न ठरवताना कोणाच्याच डोक्यात नसते.

वहीतून निघालेले चित्र असे होते. ३८० पैकी ५८ जण एकवीस वर्षांच्या आतले, म्हणजे मुले आणि कॉलेजातली मंडळी. १९० जण न घेणारे. ११८ घेणारे आणि १४ कंपनी असेल तर घेणारे. म्हणजे एकूण १३२. व्यवस्थापकाच्या कागदावर हेच पिणारे २६६ होते.

ही वही घेऊन मी सातव्या दिवशी लॉनवर गेले, तेव्हा साहेब नव्हतेच. मागे स्वयंपाकघराच्या भिंतीलगत एक वयस्कर बारवाले काका रिकाम्या बाटल्या पोत्यांत भरत होते. भंगारवाला यायचा होता. मी त्यांना सरळ विचारले, “काका, गेल्या शनिवारी किती पानं होती आणि यातून किती खंबे निघाले?” त्यांनी पोत्यांकडे पाहत सांगितले की पाने ४०० होती, व्हिस्कीचे खंबे, म्हणजे पूर्ण बाटल्या, २७ निघाले, आणि बिअर इतकी उरली की शेवटी वाढपी मुलांनी पेट्या उचलून कोपऱ्यात लावल्या. तेवढी माहिती मला पुरेशी होती. ४०० पानांना २७ बाटल्या लागतात आणि ३८० पानांना ४८ सांगितल्या जातात, हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहिले आणि नवव्या दिवशी भावोजींना बरोबर घेऊन व्यवस्थापकासमोर ठेवले. ते बराच वेळ वाद घालत राहिले. “कमी पडली तर आमच्या लॉनचं नाव खराब होतं,” हा त्यांचा मुद्दा होता. भावोजींनी तिथल्या तिथे कोऱ्या कागदावर लिहून दिले की माल आम्ही आमचा आणू, कमी पडल्यास जबाबदारी आमची राहील. तेव्हा कुठे खण उघडला आणि संमतिपत्र हातात आले. ते घेऊन रिक्षात बसले तेव्हा मला अक्षरशः रडू कोसळले. लॉन ठरवताना, आगाऊ रक्कम देण्याआधीच संमतिपत्र मागून घ्यावे, हे मी आता ज्याला त्याला सांगते. पैसे गेल्यावर आपला शब्द हलका होतो.

परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरला, शुल्क भरले आणि परवाना वेळेत मिळाला.

आता प्रत्यक्ष मापाबद्दल. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ६० मिलिलिटरचे साडेबारा पेग बसतात हे गणिताने खरे आहे, पण मला ते डोळ्यांनी पाहायचे होते. मी घरी एक रिकामी बाटली पाण्याने भरली आणि खोकल्याच्या औषधाच्या खुणा असलेल्या टोपणाने मापून ग्लासांत ओतले. बारा ग्लास झाले आणि तळाला थोडेसे उरले. मग भाच्याला सांगितले की माप न घेता, एरवी मित्रांना देतोस तसे ओत. त्याच्या हातून त्याच बाटलीत नऊच ग्लास भरले. बाटलीमागे तीन पेगांचा हा फरक नुसता हाताचा होता. म्हणून मी काउंटरवर पेगचे माप ठेवायला लावले आणि मापाशिवाय ओतायचे नाही हे बारवाल्या काकांना हात जोडून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ते पाळले.

दर माणशी किती, याबद्दल मी तीन पेग धरले. पहिल्या तासाला दोन आणि पुढे तासाला एक असा जो हिशोब सांगतात, तो चार तास एका जागी बसणाऱ्या मित्रमंडळींचा आहे. रिसेप्शनला माणूस आधी स्टेजच्या रांगेत उभा राहतो, अहेर देतो, फोटो होतो, मग मागे बारकडे वळतो आणि जेवण संपायच्या आत त्याला पानावर जायचे असते. आमचा बार साडेसात ते साडेदहा चालणार होता आणि मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे गाणी थांबली की माणसे हलणार हेही उघड होते. १३२ पैकी ६४ व्हिस्कीवाले, १६ रमवाले, १४ व्होडका-जिनवाले, २२ वाइनवाले आणि १६ बिअरवाले होते. व्हिस्कीचे १९२ पेग, बाटलीला बारा धरले तर १६ बाटल्या होतात. मी १८ घेतल्या. रम ५, व्होडका आणि जिन मिळून ५, वाइनची एक पेटी म्हणजे १२ बाटल्या (एका बाटलीत पाच ग्लास) आणि बिअरच्या पाइंटच्या, म्हणजे लहान बाटल्यांच्या, २ पेट्या म्हणजे ४८ बाटल्या. वाइन नाशिकचीच घेतली. द्राक्षे आपल्या शिवारातली असताना बाहेरची वाइन मांडणे मला पटले नसते.

वयाचा नियमही इथेच हिशोबात येतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागते, व्हिस्की-रमसाठी २५. भाचीचे धाकटे चुलतभाऊ तेवीस-चोवीसचे आहेत, त्यांना मी व्हिस्कीच्या रकान्यात धरलेच नाही.

नवरदेवाकडची मंडळी मडगावची. “कशाला तिकडे एवढे पैसे घालता, आम्ही गाडीतून घेऊन येतो,” असे त्यांनी मनापासून सुचवले होते. गोव्यात दर खूपच कमी आहेत हे खरे आहे, पण तिथली दारू अशी महाराष्ट्रात आणणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सीमेवर तपासणीत गाडी अडकली असती तर नवरदेवाच्या काकांना लग्नाऐवजी पोलीस ठाण्यात बसावे लागले असते. मी त्यांना नम्रपणे पण ठाम नाही म्हटले. सगळा माल नाशिकच्या परवानाधारक दुकानातून घेतला आणि पावती परवान्याबरोबर काउंटरमागे लावून ठेवली.

समारंभाच्या रात्री नाशिकची थंडी अशी पडली की लोक शाली सोडायला तयार नव्हते. माझा अंदाज इथेच चुकला. ज्यांच्यापुढे मी बिअर लिहिले होते, त्यातले बरेच जण काउंटरवर येऊन रम आणि गरम पाणी मागू लागले. साडेनऊला रमची पाचवी बाटली संपली तेव्हा काकांनी मला बाजूला बोलावून सांगितले आणि माझे हातपाय गार पडले. आता व्यवस्थापक आपल्याकडे पाहणार, एवढेच डोक्यात होते. काकांनी रमवाल्यांना व्हिस्कीकडे वळवले, कोणी तक्रार केली नाही, आणि साडेदहाला काउंटर बंद झाला तेव्हा व्हिस्कीची अठरावी बाटली अर्धी शिल्लक होती. मी ती उजेडात धरून पाहिली. ४८ घेतल्या असत्या तर ३० जशाच्या तशा उरल्या असत्या, आणि आमची व्हिस्की बाटलीमागे १,८०० रुपयांच्या आसपास होती, म्हणजे ५४,००० रुपये. तेवढ्यात भाचीचे मंगळसूत्र झाले नसते, पण बांगड्यांची घडणावळ नक्की सुटली असती. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो मी लपवत नाही.

बर्फाचे सांगायचे राहिले. पिणाऱ्यामागे अर्धा किलो खाण्याचा बर्फ भरपूर होतो, थंडीत तर त्याहून कमी. बाटल्या गार करायचा बर्फ वेगळा घ्यावा. निळसर रंगाचा बर्फ खाण्याचा नसतो, तो ग्लासात जाऊ देऊ नये. सोडा आणि पाणी मात्र कमी घेऊ नये, ते उरले तरी घरात खपते. आणि गाडी चालवणाऱ्यांची सोय आधी करावी. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते. आम्ही सहा चालक रात्री बारापर्यंत बसवून ठेवले होते. मी वहीत घेणाऱ्यांच्या नावापुढेच त्यांची गाडी कोण नेणार हे लिहिले होते, त्यामुळे निघताना गोंधळ झाला नाही.

वाइनच्या ३, व्होडका-जिनच्या २ बाटल्या आणि बिअरचे २९ पाइंट उरले. एका दिवसाचा परवाना त्या रात्रीपुरताच असतो, म्हणून ज्यांच्याकडे पिण्याचा कायमचा परवाना आहे अशा दोघा नातेवाइकांकडे ते वाटून दिले. वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवले आहे: डिसेंबरात रम ५ नव्हे ८, बिअर एकच पेटी. भावोजींच्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न येत्या मे महिन्यात आहे आणि ती वही त्यांनी कालच मागून नेली. त्यांना फोन करून सांगायला हवे की मे महिन्यासाठी हे शेवटचे पान उलटे वाचा.