कॅल्साइटच्या मागावर मुंबईत एक दिवस

अंधेरीतल्या डी. एन. नगर मेट्रो स्थानकावर उतरून गल्ल्यांमधून चालत गेले की दाटीवाटीच्या घरांच्या मधोमध गिल्बर्ट हिलचा काळा कडा एकदम समोर येतो. नववीत शिकणारी भाची बरोबर होती. पाठ्यपुस्तकातले अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित हे तिन्ही खडक तिला हात लावून पाहायचे होते, म्हणून रविवारी सकाळीच आम्ही निघालो होतो.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडवणाऱ्या ज्वालामुखीय उद्रेकांच्या काळातला हा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला अग्निजन्य खडक, सुमारे ६१ मीटर उंच आहे आणि त्याचे खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. उन्हाळ्यात तळे आटले की चिखल आकसतो व त्याला भेगा पडतात. निवणारा शिलारस तसाच आकसला आणि भेगा आत उतरत गेल्यामुळे हे बहुभुजी खांब तयार झाले. पायऱ्या चढताना भाचीने कातळावर भिंग धरले, पण त्यातले फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांचे कण इतके बारीक आहेत की सगळा दगड एकसंध काळाच दिसतो. २००७ साली या टेकडीला वारसा दर्जा मिळाला खरा, पण आजूबाजूचा भाग त्याआधीच खाणकामात गेला होता, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परतताना एका इमारतीच्या पायासाठी फोडलेल्या काळ्या दगडांचा ढीग दिसला. त्यातल्या एका तुकड्यात वाटाण्याएवढी पोकळी पांढऱ्या खनिजाने भरलेली होती. चाकूच्या टोकाने त्यावर सहज ओरखडा उठला, म्हणजे ती गारगोटी नव्हती. व्हिनेगरचा थेंब टाकताच बारीक बुडबुडे आले. ते कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज होते. लाव्हा थिजल्यानंतर, त्यातून वायू निघून गेलेल्या पोकळ्यांमध्ये झिरपणाऱ्या पाण्याने ते मागाहून आणून ठेवले होते.

“मामा, मग कॅल्साइट हे अग्निजन्य खडकाचं खनिज का?”

पुस्तकातल्या कोष्टकांमुळे हा गैरसमज होतो. खडकाचा प्रकार तो कसा घडला यावरून ठरतो, आणि एकच खनिज तिन्ही प्रकारांत सापडू शकते. हे तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे, म्हणून अंधेरीहून हार्बर मार्गाच्या लोकलने आम्ही थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) हे रेल्वे स्थानक गाठले.

१८७८ साली काम सुरू झालेल्या या इमारतीच्या बाह्यांगासाठी वालुकाश्म आणि चुनखडक वापरलेले आहेत. वारसा वास्तूवर व्हिनेगर टाकायचे नसते, त्यामुळे येथे भिंगावरच भागवले. चुनखडक हा स्तरित खडक; इथल्या पोरबंदरी चुनखडकाचे फिकट पिवळसर कण गोलसर दिसले. समुद्री जीवांच्या सूक्ष्म कवचांचे हे अवशेष कॅल्साइटनेच एकमेकांना चिकटलेले असतात, आणि हा दगड मऊ असल्यामुळेच कारागिराच्या छिन्नीला पाने-फुले कोरता येतात.

आत तिकीटघरात, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, इटालियन संगमरवर आहे. चुनखडक जमिनीत खोल गाडला जाऊन उष्णतेने आणि दाबाने भाजून निघाला की जुन्या कवचांचा आकार पुसला जातो व कॅल्साइट नव्याने स्फटिकरूप घेते; असा रूपांतरित खडक म्हणजेच संगमरवर. भिंग किंचित तिरके करताच साखरेसारखे कण एकामागून एक चमकले. तिकिटाच्या रांगेतली माणसे आमच्याकडे पाहत होती; भाची मात्र खिशातला अंधेरीचा काळा तुकडा काढून त्यातला पांढरा ठिपका संगमरवराशेजारी धरून पाहत होती.