तो संशोधनलेख मी मागे का घेतला?

“मॅडम, छापायला तयार असलेला लेख कुणी मागे घेते का?” हा प्रश्न चर्चासत्रांत, आमच्या नौपाड्यातील सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून मला इतक्या वेळा येतो की एकदा लिहूनच टाकते.

आमचे काम मुळात अगदी निरुपद्रवी होते. रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराच्या श्वासावाटे जाणारे कोणते रसायन किती घातक ठरेल, याचा अंदाज प्राण्यांवर प्रयोग न करता संगणकाने बांधायचा, एवढाच हेतू होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रात्री गाडीच्या काचा उघड्या ठेवून गेलेल्या माणसाला या कामाची गरज समजावून सांगावी लागत नाही.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील एका औषधसंशोधन कंपनीच्या शास्त्रज्ञांचा लेख प्रसिद्ध झाला. विषारी रेणू टाळण्यासाठी बनवलेली आपली प्रणाली त्यांनी केवळ उलट्या दिशेने चालवली, तेव्हा सहा तासांच्या आत तिने ४०,००० रेणू सुचवले, आणि त्यांत व्हीएक्स हे युद्धात वापरायचे विषही होते. आमच्या कामाकडे मी त्या बाजूने कधी पाहिलेच नव्हते.

लेख परीक्षकांच्या पसंतीस उतरला होता. प्रशिक्षित मॉडेल, म्हणजे माहितीवरून शिकून असा अंदाज बांधणारा आमचा प्रोग्राम, आणि सगळी माहिती सर्वांसाठी खुली ठेवावी, एवढी एकच अट नियतकालिकाने घातली होती. पद्धत छापू, मॉडेल मात्र ओळख पटवणाऱ्यालाच देऊ, असे मी सुचवले. संपादकांनी नकार दिला, आणि त्यांचे चुकले असे मला आजही म्हणता येत नाही, कारण जो निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता येत नाही तो केवळ माझ्या शब्दावर का मानावा?

मी लेख मागे घेतला आणि त्यानंतर माझ्या विद्यार्थिनीला सांगितले. हा क्रम लक्षात ठेवावा. लोक मला भित्री म्हणतात किंवा तत्त्वनिष्ठ, पण या क्रमाबद्दल कुणी विचारत नाही. प्रोग्राम तिने लिहिला होता, तीन वर्षे तिची गेली होती आणि प्रबंधाचा कणा तोच लेख होता. त्या संध्याकाळी घणसोलीहून आम्ही एकाच लोकलने निघालो. ती दाराशी उभी राहिली, ऐरोलीपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मग म्हणाली, “ज्याला विष करायचे आहे तो आपल्या लेखासाठी थांबणार नाही, मॅडम. थांबले ते फक्त माझे काम.” ठाण्याला गर्दीत ती उतरून गेली. सात महिन्यांनी परदेशातील एका गटाने जवळजवळ हेच काम मॉडेलसकट प्रसिद्ध केले. तिने संशोधन सोडले.

गंमत अशी की २०१२ साली मी तिच्याच बाजूला होते. फेरेट या प्राण्यांमध्ये हवेतून पसरू शकेल असा बर्ड फ्लूचा विषाणू फूशिए आणि कावाओका या विषाणुशास्त्रज्ञांच्या गटांनी तयार केला होता. अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये त्यातील तपशील गाळायला सांगितले, मार्च २०१२ मध्ये सुधारित लेख पाहून मत बदलले आणि दोन्ही लेख त्याच वर्षी छापून आले. पडदा टाकून साथ थांबत नाही, असे मी तेव्हा वर्गात ठणकावून सांगितले होते. २०१२ मधल्या त्या बाईशी, म्हणजे माझ्याशीच, मी अजून भांडते. विषाणूवर पाळत ठेवणाऱ्यांना ते तपशील हवे होते, असे ती म्हणते. मग कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला तुझे मॉडेल नको होते का, असेही विचारते. यावर माझ्यापाशी उत्तर नाही. काम सुरू करतानाच, विद्यार्थिनीला समोर बसवून, हा विचार करायला हवा होता, एवढे मात्र मी मान्य करते.

आता तसेच मॉडेल कुणीही उतरवून घेऊ शकतो, त्यामुळे माझ्या कपाटातील हार्ड डिस्क कुलपात ठेवण्यात काही अर्थ उरलेला नाही. गेल्या दिवाळीत माझ्या त्या विद्यार्थिनीने नोकरीच्या अर्जासोबत दाखवायला म्हणून स्वतःचे मॉडेल माझ्याकडे मागितले. मी आठ दिवसांची मुदत मागितली होती. ते आठ दिवस केव्हाच उलटून गेले आहेत.