चिखलकालो, नोंद ५: प्रोजेक्ट उघडेना

चिखलकाल्यावरच्या माझ्या व्हिडिओचं एडिटिंग चालू आहे. या आठवड्यात त्याची टाइमलाइन (क्लिपा क्रमाने जुळवायची पट्टी) एक फ्रेमही पुढे गेली नाही, उलट मागे आली. तरी नोंद करतोय, कारण पावसात एडिटिंग करणाऱ्या कुणावरही ही पाळी येईल.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, असतो. त्याचं चित्रीकरण मी चार कोनांतून केलं होतं. परवा रात्री अंगाला तेल लावलेली मंडळी मैदानात उतरतात तो भाग जुळवत बसलो होतो. कंट्रोल-एस दाबलं आणि त्याच क्षणी लायट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नाही. दोन वर्षं ‘घेऊ, घेऊ’ चाललंय.

लायट आल्यावर केडेनलाइव्ह (माझं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) म्हणतं, प्रोजेक्टची फाइल वैध नाही. फोल्डरात पाहिलं तर आकार दोन एमबीच्या आसपास, म्हणजे नेहमीचाच. त्यामुळे आधी वाटलं, थोडंसंच बिघडलं असेल. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढली आणि टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. केडेनलाइव्हचा प्रोजेक्ट म्हणजे साधं एक्सएमएल, टॅग नावाच्या खुणांमध्ये बसवलेला मजकूर. कुठली क्लिप, कुठून कुठवर, कुठला इफेक्ट हे सगळं अक्षरांत लिहिलेलं. अर्धवट तुटलेली फाइल असती तर शेवटचे टॅग हाताने बंद करून काही तरी वाचलं असतं. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक बाइट नुसता शून्य! जागा राखली गेली, मजकूर डिस्कवर पोचायच्या आत वीज गेली. त्यातून काढण्यासारखं काही नव्हतं.

गंमत बघा. ६४ जीबी फुटेज मी दोन डिस्कांवर ठेवलंय, आणि ज्यात तीन आठवड्यांची मेहनत आहे ती दोन एमबीची फाइल एकाच ठिकाणी.

पण केडेनलाइव्ह सेव्ह करताना जुन्या प्रती बाजूला ठेवतं. लिनक्सवर त्या होम फोल्डरातल्या ‘.लोकल’मध्ये, शेअर, केडेनलाइव्ह, मग ‘.बॅकअप’ अशा वाटेने सापडतात. फोल्डर लपवलेले असतात, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच. प्रत्येक प्रतीच्या नावात तारीख-वेळ आणि शेजारी एक छोटं चित्र. चिखलाने माखलेल्या पोराचं चित्र दिसलं आणि जिवात जीव आला. साधारण चाळीस मिनिटांपूर्वीची प्रत.

ती उघडली, पण सगळ्या क्लिपा गायब. हे दुसरं दुखणंही त्याच लायटीचं. फुटेजची डिस्क नीट अनमाउंट (संगणकापासून रीतसर सुटी) न झाल्याने जुन्या नावाचं रिकामं फोल्डर मागे राहिलं, आणि नव्याने जोडलेल्या डिस्कच्या नावाला शेवटी ‘१’ चिकटला. एकेक क्लिप शोधून देत बसलो असतो तर पहाट झाली असती. एक्सएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये ‘रूट’ असा पत्ता असतो. क्लिपांचे पत्ते त्याच्या आधाराने लिहिलेले असले, तर तो एक बदलून भागतं. माझ्या काही क्लिपा बाहेरच्या फोल्डरात होत्या, त्यांना शोधा-बदला करावं लागलं. खरं तर डिस्क काढून, ते रिकामं फोल्डर उडवून, पुन्हा जोडली असती तरी चाललं असतं. हे सुचलं सकाळी चहा घेताना!

मध्ये एकदा धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर उघडून बघायचा खटाटोप केला. त्याची आवृत्ती जुनी. केडेनलाइव्हच्या २३.०४ आवृत्तीपासून एका प्रोजेक्टमध्ये अनेक सिक्वेन्स (वेगवेगळ्या टाइमलाइन) ठेवता येतात आणि फाइलची मांडणी बदललीय, त्यामुळे तिथे उघडत नाही म्हणून फाइल खराब, असं समजू नका.

आता आंधळी कोशिंबिरीचा तुकडा पुन्हा कापतोय. रोज रात्री फाइल नव्या क्रमांकाने सेव्ह करून पेनड्राइव्हवर. आभाळ गडगडलं की मशीन बंद. कुणी डेस्कटॉपला ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस लावला असेल तर सांगा, मॉनिटरसकट किती मिनिटं मिळतात?